कॉलेजातला संवादकौशल्याचा कोर्स की राजारामपुरीतला क्लास?

भाचीचा गडहिंग्लजहून फोन आला. बारावी झाली, कोल्हापुरात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, राहायची सोयही झाली. "मामा, कॉलेजात कम्युनिकेशन स्किल्सचा कोर्स आहे, दोन क्रेडिटचा. मैत्रिणी म्हणतात त्यात काय नसतंय, सरळ राजारामपुरीत स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव. पप्पा आठ हजार भरायला तयार आहेत. काय करू?"

मी दोन्ही केलंय. शिवाजी विद्यापीठाचा 'इंग्लिश फॉर कम्युनिकेशन'चा पेपर दिलाय, पैसे भरून क्लासही केलाय, आणि गेली काही वर्षं गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, नव्या मुलांच्या मुलाखतींना बसतोय. तिला फोनवर सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो. निकाल लागला की हा प्रश्न आपल्याकडं बऱ्याच घरांत निघतो.

आधी मिनिटांचा हिशेब करू. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, म्हणजे दोन क्रेडिटला 30 तास, 1800 मिनिटं. वर्गात 70 मुलं धरा. मॅडमनी स्वतः एक शब्द न बोलता सगळा वेळ मुलांना वाटून दिला, तरी एकेकाच्या वाट्याला 25 मिनिटं येतात, आणि तीही अख्ख्या सेमिस्टरमध्ये. क्लासची बॅच 15 जणांची धरा, रोज एक तास, 50 दिवस. निम्मा वेळ शिकवण्यात गेला तरी प्रत्येकाला 100 मिनिटं मिळतात. तोंड उघडायला मिळणाऱ्या वेळात क्लास चौपट पुढं आहे. हे आधी मान्य करायला हवं.

मला क्लासनं दिलं ते एवढंच, पण ते लहान नव्हतं. मराठी माध्यमातून आलेलो. पहिल्या दिवशी 15 जणांसमोर उभा राहिलो तेव्हा पाय लटपटत होते, तिसऱ्या आठवड्यात ते थांबले. चुकलं तरी कुणी खात नाही, हे अंगात मुरायला तेवढे दिवस लागतातच. ज्याची जीभ टाळूलाच चिकटून बसते, त्याला ह्या पैशाचा मोबदला नक्की मिळतो.

पुढं मात्र त्या क्लासनं मला अडवूनही ठेवलं. वहीत ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरं उतरवून घ्यायची आणि आरशासमोर पाठ करायची, हीच तिथली पद्धत. तसं पाठ केलेलं बोलणं मी आता टेबलाच्या ह्या बाजूनं ऐकतो. राधानगरीकडचा एक मुलगा आला होता. 'तुमच्याबद्दल सांगा' म्हटल्यावर दीड मिनिट न अडखळता बोलला. मी विचारलं, तुमच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपोआप कसे उघडतात, ते इंग्रजीत सांग. गप्प झाला. मराठीत सांग म्हटल्यावर पाणी किती चढलं की काय होतं, आवाज कसा येतो, नदीकाठची माणसं काय करतात, सगळं हातवारे करून सांगितलं. सांगण्यासारखं त्याच्याकडं भरपूर होतं, फक्त ते त्याच्या वहीत नव्हतं.

नेमकी इथं विद्यापीठाच्या कोर्सची बाजू सुरू होते. एखाद्या जागेचं वर्णन करणं, घडलेला प्रसंग क्रमानं सांगणं, एखादी क्रिया कशी चालते ते समजावणं, ही त्यातली नेहमीची प्रकरणं. पुस्तकात ती कोरडी वाटतात, एकमेकांपासून तुटकही वाटतात. पण धरणाच्या दरवाजाचं उत्तर त्यातूनच तयार होतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2019 मध्ये 'जीवन कौशल' नावाचा अभ्यासक्रम आखून दिला. त्यात संवादकौशल्याखाली ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं ह्यांच्या जोडीला डिजिटल साक्षरता, समाजमाध्यमांचा नीट वापर आणि देहबोलीही येते. क्लासची पाटी असते 'स्पोकन इंग्लिश', आणि तिथं मिळतंही तेवढंच.

लिहिण्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण मुलं ह्याचाच विचार करत नाहीत. नोकरी लागल्यावर पहिलं वर्षभर तुमचं बोलणं साहेब फार ऐकत नाही, तुमचं लिहिलेलं मात्र रोज वाचतो. शिफ्ट संपताना चार ओळींचा रिपोर्ट द्यायचा असतो: कुठल्या हीटचं (एका वेळी वितळवलेल्या धातूचं) कास्टिंग, कुठला पार्ट, किती नग रिजेक्ट, ब्लो होल (हवेमुळं पडलेलं भोक) आहे की वाळू पडलीय, आणि आपण काय केलं. एक मुलगा फक्त 'क्वालिटी प्रॉब्लेम' लिहून घरी जायचा. सकाळच्या शिफ्टला काही कळायचं नाही आणि तोच मोल्ड (साचा) पुन्हा भरला जायचा. अर्ज, ईमेल, अहवाल, बैठकीचं इतिवृत्त हे कोर्समध्ये शिकवतात, त्यावर गुणही असतात. मी गेलो त्या क्लासात दोन महिन्यांत एकदाही पेन उघडून कुणी माझा परिच्छेद तपासला नाही.

ऐकण्याचंही तसंच. गटचर्चेत मोठ्यानं बोलणारा निवडला जातो, हा समज चुकीचा आहे. आधीच्या मुलाचा मुद्दा धरून पुढं नेणारा मला हवा असतो, आणि तो क्वचित सापडतो.

अजून एक. भीती फक्त इंग्रजीची नसते. आमच्याकडच्या मुली 'मी जातो, मी करतो' म्हणतात. पुण्यात गेल्यावर त्यावर कुणी हसलं की त्या मराठीतही गप्प बसायला लागतात. कोणासमोर कुठली भाषा कशी वापरायची आणि आपली बोली न लाजता कशी सांभाळायची, हाही संवादाचाच भाग आहे. चांगली शिक्षिका असेल तर वर्गात हे बोललं जातं. इंग्रजीच्या क्लासात त्याला जागाच नसते.

आता कोर्सचा दोष. तो न शिकताही पास होता येतो. 'संवादातील अडथळे' गाईडमधून पाठ करून मी चांगले गुण घेतले होते, आणि तोंडी परीक्षेत नाव-गाव विचारून मला दोन मिनिटांत सोडलं होतं. म्हणजे गुणपत्रिकेवर संवादकौशल्य आलं आणि अंगात काही आलं नाही. ह्याचा मला अजून राग आहे, कारण नुकसान माझं झालं आणि ते कळायला तीन वर्षं गेली. म्हणून कोर्स घ्यायचा तर वाट्याची 25 मिनिटं मागून घ्यावी लागतात. प्रेझेंटेशनला पहिलं नाव द्या. लिहिलेला अर्ज तासानंतर शिक्षकांकडं घेऊन जा. 70 मुलांत असं करणारी दोन-तीनच असतात, त्यामुळं शिक्षक त्यांना वेळ देतात.

शिवाय कॉलेजाकडं व्यासपीठ असतं. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात वक्तृत्व आणि वादविवाद असतात, आणि कॉलेजच्या संघात कोण जाणार हे बऱ्याचदा हेच शिक्षक ठरवतात. अनोळखी परीक्षकांसमोर, घड्याळ लावून, विरुद्ध बाजूचं ऐकून उत्तर द्यायचा सराव कुठल्याही फीमध्ये विकत मिळत नाही. गोपाळ कृष्ण गोखले कागल-कोल्हापुरातच शिकले, राजाराम कॉलेजात होते, आणि पुढं केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर इंग्रजीत बोलले. ह्या गावाला हे नवं नाही.

तिसरा पर्याय 'स्वयम्'चा, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळाचा. तिथले कोर्स फुकट आहेत, शिकवणारे उत्तम आहेत, प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरून परीक्षा देता येते. पण समोर तुमचं ऐकणारा कुणी नाही. जोडीला ठेवा, एवढंच.

भाचीला मी कोर्स घ्यायला सांगितलं. दिवाळीपर्यंत वर्गात चारदा उभी राहून बोललीस आणि तरी घसा कोरडा पडत असेल, तर क्लास लाव, मी स्वतः सोबत येतो. पण पैसे भरायच्या आधी एक दिवस मागं बसून घड्याळ बघायचं: तासात सर किती मिनिटं बोलले, मुलं किती. आणि जुन्या मुलाची वही मागायची. त्यात तयार उत्तरं दिसली तर उठायचं. त्यानं लिहिलेलं आणि सरांनी लाल पेनानं दुरुस्त केलेलं दिसलं तर आठ हजार भरायला हरकत नाही.

"आणि पहिल्या प्रेझेंटेशनला विषय काय घेऊ?"

"आजोबांबरोबर संकेश्वरी मिरचीच्या सौद्याला जातेस ना? ते सांग. आधी मला मराठीत सांग, मग इंग्रजीत लिहून पाठव."

काल रात्री दीड पान आलंय. 'तिखट' आणि 'जहाल' ह्यांतला फरक इंग्रजीत कसा सांगायचा, तिथं अडलीय.