कार्थेजचा तुरुंग आणि नॉवू, इलिनॉय: इतिहासाची गोडी असेल तर चुकवू नका

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना नायगारा आणि शिकागो दाखवायची पद्धतच आहे. आम्हीही ते सगळं पाहिलं. पण लेकीने पिओरियाहून गाडीने दोनेक तासांवरचं कार्थेज नावाचं गाव दाखवलं, ते मला या सगळ्यापेक्षा मोलाचं वाटलं. सांगलीला शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला, पण अमेरिकेतच मॉर्मन नावाच्या, ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या एका पंथाला त्याच्या श्रद्धेपायी गावोगाव हाकलून दिलं होतं, हे आमच्या पुस्तकांत कधी आलंच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथला जुना दगडी तुरुंग 1903 पासून मॉर्मन चर्चच्या मालकीचा आहे. तिकीट नाही. माहिती सांगणारे चर्चचे स्वयंसेवक, बरीचशी निवृत्त जोडपी, स्वतःच्या खर्चाने इथे येऊन राहतात. आमच्याबरोबर एक वयस्क बाई होत्या. हळू, स्पष्ट बोलत होत्या, त्यामुळे यांनाही इंग्रजी नीट कळत होतं. जिना अरुंद आहे, यांचे गुडघे दुखतात हे पाहून त्या प्रत्येक पायरीला थांबल्या. धर्मांतराचा विषय कोणी काढला नाही, फोन नंबर मागितला नाही. ही शंका बरेच जण विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते.

वरच्या मजल्यावर जेलरच्या कुटुंबाची झोपायची खोली आहे. 27 जून 1844 ला संध्याकाळी पाचच्या सुमारास या खोलीत चौघे होते: पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ, वय 38, त्यांचे थोरले भाऊ हायरम, वय 44, आणि जॉन टेलर व विलर्ड रिचर्ड्स. शेवटच्या दोघांवर कसलाच आरोप नव्हता, ते सोबतीला म्हणून राहिले होते. ओळख लपवायला स्वतःचीच तोंडं काळी केलेला जमाव जिना चढून वर आला. आतल्यांनी दार अंगाने रेटून धरलं. दार लाकडी. त्यातून आरपार आलेली गोळी हायरमच्या चेहऱ्यावर लागली आणि ते जागीच कोसळले. ते भोक दारात आजही आहे. मी चष्मा पुसून पुन्हा जवळून पाहिलं. कडेचं लाकूड फाटलेलं स्पष्ट दिसतं. टेलर हातातल्या काठीने दाराच्या फटीतून आत येणाऱ्या बंदुकांच्या नळ्या खाली ठोकत राहिले, त्यांना अनेक गोळ्या लागल्या तरी ते जगले. जोसेफ खिडकीकडे धावले आणि गोळ्या खाऊन खाली विहिरीजवळ पडले. त्यांच्याकडेही चोरून आत आणून दिलेलं एक पिस्तूल होतं आणि त्यांनी ते झाडलं. बाईंनी हे लपवलं नाही, मला त्यांचं कौतुक वाटलं.

खोली इतकी लहान आहे की आम्ही आठ-दहा जण उभे राहिलो तरी दाटी झाली. पुस्तकात ‘जमावाने हल्ला केला’ हे एक वाक्य असतं. इथे दारापासून खिडकीपर्यंतचं अंतर आपल्या पावलांनी कळतं.

आता माझा मुख्य मुद्दा. ही सहल तासाभराची असते आणि तिचा सगळा भर त्या संध्याकाळवर असतो. आधी थोडं वाचून गेलात तर दसपट समजेल. विशेषतः जोसेफ तुरुंगात आले कसे, हे माहीत हवं. 7 जून 1844 ला जवळच्याच नॉवूत, म्हणजे मॉर्मनांनी वसवलेल्या गावात, ‘नॉवू एक्स्पॉझिटर’ नावाच्या वर्तमानपत्राचा अंक निघाला. काढणारे पंथातूनच फुटलेले लोक होते. जोसेफ गुप्तपणे अनेक बायका करतात, धर्म आणि राज्य दोन्ही एकाच मुठीत ठेवतात, असे आरोप त्यात होते. जोसेफ तेव्हा नॉवूचे महापौर. नगरपरिषदेने तो छापखाना उपद्रव ठरवला आणि 10 जूनला मोडून टाकला. दुसरा अंक निघालाच नाही. दंगलीचा आणि नंतर राजद्रोहाचा आरोप ठेवून भावांना कार्थेजला आणलं ते यातूनच. गव्हर्नर थॉमस फोर्ड यांनी संरक्षणाचा शब्द दिला होता. त्या दिवशी ते स्वतः नॉवूला निघून गेले आणि पहाऱ्यावर स्थानिक तुकडी ठेवली, जिचा या भावांवर उघड राग होता. मी बाईंना छापखान्याबद्दल विचारलं. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं, नगरपरिषदेचा ठरावही. तुम्हीही विचारा, प्रश्न विचारलेला तिथे कोणाला खटकत नाही. पुढे पाच जणांवर खटला चालला, मे 1845 मध्ये सगळे निर्दोष सुटले.

नॉवूच्या आधी हे लोक शेजारच्या मिझुरी राज्यात राहत होते, तिथे काय झालं तेही वाचून जायला हवं. तिथे 1833 सालीच इंडिपेंडन्स गावात जमावाने मॉर्मनांचा छापखाना पाडला होता आणि त्यांच्या बिशपना डांबर-पिसं फासली होती. म्हणजे ज्यांचा छापखाना मोडला गेला, त्यांनीच अकरा वर्षांनी दुसऱ्याचा मोडला. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण लिहायलाच हवं. 27 ऑक्टोबर 1838 ला मिझुरीचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी हुकूम काढला की मॉर्मनांना शत्रू समजा, त्यांचा नायनाट करा किंवा त्यांना राज्याबाहेर घालवा. तीन दिवसांनी हॉन्स मिल या मॉर्मन वस्तीत सतरा जण मारले गेले. त्यात लोहाराच्या भात्याखाली लपलेला दहा वर्षांचा मुलगाही होता. सरकारी हुकूम, गव्हर्नरच्या सहीने! तो रीतसर रद्द झाला 1976 मध्ये. वर्ग घेत असते तर हा एक हुकूम फळ्यावर लिहून पूर्ण तास घेतला असता.

शेजाऱ्यांचा राग नुसत्या धर्मावरून नव्हता. हे लोक एकगठ्ठा मतदान करायचे, एकत्र जमिनी घ्यायचे, ही भूमी देवाने आम्हाला दिली म्हणायचे, आणि गुलामगिरी चालणाऱ्या मिझुरीत ते बहुतेक गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडून आलेले. 1838 च्या भांडणात मॉर्मनांनीही गॅलॅटिन गाव जाळलं. हे सगळं खरं आहे, तरी नायनाटाच्या हुकुमाचं समर्थन त्यातून होत नाही असं माझं ठाम मत आहे.

नॉवू तिथून अर्ध्या-पाऊण तासावर, मिसिसिपीच्या काठी. जुनी घरं, लोहारकाम, विटांची भट्टी, सगळं करून दाखवतात. नातवाला छोटी वीट मिळाली आणि बेकरीत आल्याचं बिस्किट. देऊळ नवं आहे, 2002 चं. मूळ देऊळ 1848 मध्ये कोणीतरी पेटवून दिलं होतं. मॉर्मन नसलेल्यांना आत सोडत नाहीत, बाहेरून पाहावं लागतं. पार्ली स्ट्रीट मात्र शेवटपर्यंत चाला. फेब्रुवारी 1846 मध्ये कडाक्याच्या थंडीत याच रस्त्याने ही माणसं नदीवर गेली आणि कायमची पश्चिमेकडे निघाली. जोसेफ स्मिथ यांचं घर आणि लाल विटांचं दुकान 2024 पर्यंत त्याच परंपरेतल्या दुसऱ्या चर्चकडे होतं, आता तेही मॉर्मन चर्चकडे आलं आहे. त्यामुळे सगळं एकाच फेरीत होतं.

घरी आल्यावर, ही माणसं पुढे जिथे वसली त्या युटामधल्या माउंटन मेडोजच्या हत्याकांडाबद्दल वाचा. सप्टेंबर 1857 मध्ये मॉर्मन सैनिकांनी तिथे सुमारे 120 प्रवाशांना मारलं. ते वाचल्याशिवाय हा इतिहास अर्धाच राहतो.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. आधी नॉवू, मग कार्थेज असा क्रम ठेवा. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. शाकाहारी असाल तर डबा न्याच. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती बाहेर झाडाखाली खाल्ली. लहान मुलांना वरच्या खोलीत काय सांगतात ते आधी समजावून ठेवा, आमचा नातू दाराजवळून हलेना आणि प्रश्न थांबेनात. मी पाचपैकी पाच तारे देते.