शेतातील लहान हवामान केंद्र : वाऱ्याचा आकडा कितपत खरा?

ऑनलाइन दहा हजार रुपयांच्या आत मिळणारे एक बिनतारी हवामान केंद्र परभणी जिल्ह्यातील आमच्या शेतात गेल्या मृगापासून उभे आहे. पाऊस, तापमान व आर्द्रता यांच्या नोंदींबाबत तक्रार नाही. अशा यंत्रांविषयी ग्राहकांची ओरड असते ती वाऱ्याच्या आकड्याबद्दल, आणि फवारणी करायची की नाही हे त्याच आकड्यावर ठरत असल्याने हे परीक्षण तेवढ्यापुरतेच आहे.

मोबाइलवरील अंदाज ताशी १५ किलोमीटर सांगतो आणि आपले यंत्र ११ दाखवते, एवढ्यावरून यंत्र चुकीचे ठरत नाही. अंदाजातील वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. मोकळ्या रानात २ मीटरवर त्याचा साधारण तीन चतुर्थांश वेग उरतो, आणि फवारणीला हा खालचाच वेग कामाचा. तफावत याहून मोठी असेल, तर आधी पडद्यावरचे एकक पाहावे (मीटर प्रतिसेकंदाला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात) आणि मग जागा. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट अंतर हवे, म्हणजे १० मीटरच्या कडुलिंबापासून १०० मीटर. आमच्या भागात बहुतेक जण चोरीच्या भीतीने यंत्र आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या निवाऱ्याच्या, पत्र्यावर बसवतात. तेथे वारा छपराला आपटून वर उसळतो व भोवरे धरतो, त्यामुळे वेग आणि दिशा दोन्ही बिघडतात.

माहितीपुस्तिकेत ज्याचा उल्लेखच नाही असे एक कारण आपल्या काळ्या मातीत आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि नुसता पुरलेला पाइप हळूहळू कलतो. खांब कलला की मंद वाऱ्यात दिशादर्शक आपल्याच वजनाने एका बाजूला झुकून राहतो व पडद्यावर दिवसभर एकच दिशा दिसते. खांबाचा पाया मुरुमापर्यंत नेऊन काँक्रीटमध्ये घ्यावा आणि वरचे टोक पाणसळीने तपासावे. उत्तरेची खूण लावायला ध्रुवतारा उत्तम. आपल्याकडे तो क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर सहज सापडतो. होकायंत्रही चालेल, कारण चुंबकीय उत्तरेचा फरक येथे जेमतेम एका अंशाच्या आसपास आहे, फक्त ते लोखंडी पाइपाजवळ धरू नये.

हे सगळे जागेवर असूनही उरणारा दोष मात्र यंत्राचाच आहे. अगदी मंद वाऱ्यात त्याच्या वेग मोजणाऱ्या वाट्या फिरतच नाहीत आणि पडदा शून्य दाखवतो. हे शून्य धोक्याचे आहे. पहाटेच्या स्थिर हवेत जमिनीलगत गार थर साचलेला असतो, फवाऱ्याचे बारीक थेंब त्यात तरंगत राहतात आणि हवेच्या हलक्या झुळुकीबरोबर कोठेही सरकतात. शेजारी ऊस असेल आणि त्यात टू-फोर-डी हे तणनाशक मारले जात असेल, तर कपाशीची पाने बोटांसारखी चिरलेली दिसायला एवढे पुरे होते. ताशी ३ ते १५ किलोमीटर स्थिर वारा, आणि तोही कपाशीकडून वाहणारा, असेल तरच तणनाशक घ्यावे. यंत्र शून्य दाखवत असताना लिंबाची पाने सळसळत असतील, तर वारा किमान ताशी ६ किलोमीटर आहे आणि वाट्या अडकल्या आहेत असे समजावे. बहुधा धूळ किंवा कोळ्याचे जाळे सापडते. कोरड्या ब्रशने साफ करावे, तेल घालू नये, कारण तेलावर धूळ अधिकच चिकटते.

पडद्यावर झोताचा वेग ठळक आणि सरासरी वेग बारीक अक्षरांत दिसतो, हे शेतकऱ्याच्या दृष्टीने उलटे आहे. तरीही या किमतीत, खांब नीट उभारण्याची तयारी असणाऱ्याने यंत्र घ्यायला हरकत नाही. गच्चीवर हौस म्हणून लावणाऱ्याने वाऱ्याच्या आकड्यासाठी पैसे मोजू नयेत. खरेदीपूर्वी वाट्यांचा संच सुटा मिळतो का, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. आमच्या विक्रेत्याने सुट्या भागाऐवजी नवे यंत्रच सुचवले.