उत्तर देणाऱ्यांसाठी एक वर्ग: स्लॅमच्या बोलीचे सहा शनिवार

पुण्यातील एका जुन्या क्लबाने यंदाच्या पावसाळ्यात कॉन्ट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळातील स्लॅम-बोलीचा (सहा किंवा सातची बोली, म्हणजे तेरापैकी बारा किंवा सर्व हात जिंकण्याचा करार) सहा शनिवारांचा वर्ग घेतला. रोज अडीच तास, चार टेबले, सोळा खेळाडू आणि शुल्क ३,००० रुपये. त्यात चहा आणि छापील टिपणांची वही आली. पंचवीस वर्षे ब्रिज खेळत असूनही मी नाव नोंदवले, कारण या वर्गात प्रश्न विचारण्यापेक्षा उत्तर देण्यावर भर राहील असे सूचनाफलकावर लिहिले होते. एरवीच्या शिकवण्यांत चार नो-ट्रम्प (शब्दशः बिनहुकमाची बोली, पण इथे जोडीदाराला एक्के विचारणारा प्रश्न) केव्हा म्हणावे यावर तासभर खर्ची पडतो आणि उत्तरांचा तक्ता घरून पाठ करून या, असे सांगून शिक्षक मोकळे होतात.

ईझली ब्लॅकवुड यांच्या मूळ पद्धतीत चार नो-ट्रम्पचे उत्तर केवळ एक्के मोजून दिले जाई: पाच किलवर म्हणजे एकही नाही किंवा चारही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन, पाच इस्पिक म्हणजे तीन. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या कीकार्ड पद्धतीत हुकमाचा राजा पाचवा एक्का मानला जातो (चार एक्के आणि हा राजा ही पाच कीकार्डे), आणि तिच्या १४३० या प्रकारात पाच किलवर म्हणजे एक किंवा चार, पाच चौकट म्हणजे शून्य किंवा तीन, पाच बदाम म्हणजे हुकमाच्या राणीवाचून दोन आणि पाच इस्पिक म्हणजे राणीसकट दोन, अशी उत्तरे असतात. दोन्ही तक्ते मला तोंडपाठ आहेत, आणि घात झाला तो त्यामुळेच.

दुसऱ्या शनिवारी माझ्याकडे इस्पिकचे राजा, राणी, अठ्ठी, चौकी, बदामचा एक्का, किलवरची राणी आणि बाकी भुरटी पाने होती. जोडीदाराने एक इस्पिकने सुरुवात केली, मी तीन इस्पिक म्हटले, त्यांनी चार नो-ट्रम्प विचारले, आणि मी जुन्या सवयीने एक्का एकच आहे असे मोजून पाच चौकट म्हणून बसलो. खरे उत्तर पाच इस्पिक होते. दोन कीकार्डे स्वतः बाळगणाऱ्या जोडीदाराला माझे उत्तर शून्य वाटले, ते पाच इस्पिकवर थांबले आणि किलवरचा एकच हात देऊन त्यांनी बारा हात केले. आम्ही व्हल्नरेबल होतो (या स्थितीत बक्षीस आणि दंड दोन्ही वाढतात), म्हणजे ६८० गुण पदरात पडले आणि सहा इस्पिकचे हुकले. ते गुण नेमके १४३० असतात, हा योगायोग शिक्षकांनी मुद्दाम फळ्यावर लिहिला. संघस्पर्धेत हा फरक १३ आयएमपींचा, म्हणजे दोन टेबलांवरील गुणांच्या फरकावरून मिळणाऱ्या सामन्याच्या गुणांचा. सर रागावले नाहीत. पत्त्यांकडे पाहून त्यांनी एवढेच विचारले, “हुकमाच्या राजाला तुम्ही कोणात मोजता?”

वर्गाचे मोल मला इथून पुढे कळले, कारण तक्त्यापलीकडची उत्तरे सरांनी एकेक डाव मांडून शिकवली. पाच चौकटनंतर जोडीदार हुकमावर थांबला, तर शून्यवाल्याने पास म्हणावे. पण तीन कीकार्डे असतील तर पुढे जाणे उत्तर देणाऱ्यावरच बंधनकारक आहे, कारण थांबणाऱ्याने शून्य गृहीत धरलेले असते. दोन्हींकडे मिळून हुकमाचे दहा पत्ते आहेत असे उत्तर देणाऱ्याला ठाऊक असेल, तर राणी नसतानाही ती आहे असे सांगावे. उरलेले तीन पत्ते सुमारे ७८ टक्के वेळा दोन-एक असे विभागले जातात आणि एक्का-राजाखाली राणी पडते. आयुष्यभर खरे बोलण्याचा आग्रह धरणाऱ्या आमच्या टेबलावरील एका निवृत्त मुख्याध्यापकांना हे पचायला दोन शनिवार लागले.

चौथा शनिवार मात्र सर्वांत सरस झाला. प्रतिपक्षाने बदाम सांगितले आहेत, आपला हुकूम इस्पिक ठरला आहे आणि जोडीदार उडी मारून पाच इस्पिक म्हणतो. इथे तो एक्के विचारत नसून बदामवर ताबा आहे का, एवढेच विचारतो. बदामची दोन-तीन भुरटी पाने असतील तर बाकीचे पत्ते कितीही देखणे असले तरी पास, एकच पान असेल तर सहा इस्पिक, आणि एक्का असेल तर सहा बदाम. राखलेला राजा असेल तर पाच नो-ट्रम्प, म्हणजे सहा नो-ट्रम्प आपल्याकडून खेळण्याचा मार्ग खुला राहतो आणि पहिल्याच पानावर राजा कापला जात नाही. पंधरा गुण हाती असूनही पास म्हणताना जीव कासावीस होतो. तो सराव या दिवशी पुरेपूर मिळाला.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. टिपणांच्या वहीत चौथ्या पानावर १४३०चा तक्ता आहे आणि अकराव्या पानावरील उदाहरणात पाच किलवरचा अर्थ शून्य किंवा तीन असा छापला आहे; त्यामुळे एक जोडी दोन एक्के गमावून सहावर पोहोचली. चार नो-ट्रम्पवर प्रतिपक्षाने मध्येच बोली लावली तर काय करावे, हा विषय शेवटच्या पंधरा मिनिटांत गुंडाळला गेला. डबल म्हणजे शून्य आणि पास म्हणजे एक, एवढे सांगून चहा आला. शिवाय सरावाचे बहुतेक डाव स्लॅम होणारेच होते. पाचवर थांबणे हेच ज्यांत योग्य ठरावे असे डाव मला तीनच आठवतात, त्यामुळे प्रश्न आला की सहापर्यंत जायचेच, ही खोड काहींना नव्याने लागली.

एकट्याने जाऊन या वर्गाचा निम्माच लाभ होईल. मी आणि माझे जोडीदार पुढच्या तुकडीत पुन्हा बसणार आहोत, आणि त्याआधी अकरावे पान दुरुस्त करावे असे क्लबाला लेखी कळवले आहे.