पापलेटचा साठा जोखायचा: वजनकाटा, मापपट्टी की गणित?

समुद्रात पापलेट किती उरलाय हे मच्छीमार सोसायटीला जोखायचं असेल, आणि हाती एकच हंगाम आणि थोडेच पैसे असतील, तर आधी मापपट्टी घ्या.

वजनाचे आकडे तुमच्या वह्यांत आयते असतात, म्हणून पहिला मोह त्यांचाच होतो. पण आवक म्हणजे साठा नव्हे. इंजिन वाढलं, जाळी लांबली, मासे शोधणारा फिशफाइंडर आला, की समुद्रात मासा कमी होत असतानाही जेट्टीवरचं टनेज टिकून राहतं. निदान फेऱ्यांनी भागा. जाळं किती तास पाण्यात होतं त्याने भागलंत तर आणखी बरं. तरीही फसगत होते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं असंच झालं. मोठ्या ट्रॉलरना उरलेले दाट थवे सापडत राहिले, त्यांची तासाची पकड चांगलीच दिसली. किनाऱ्याजवळचे लहान मच्छीमार मासा आटल्याचं सांगत होते, त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. २ जुलै १९९२ ला कॅनडाने ती मासेमारी बंद केली आणि हजारो कुटुंबांचं काम गेलं. हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं, कारण इशारा बंदरावर मिळत होता.

मापपट्टी तो इशारा लवकर पकडते. उपसा वाढला की आधी सरंगे, म्हणजे मोठे पापलेट, विरळ होतात. टनेज नंतर पडतं. पापलेटची शेपटी लांब असते आणि हाताळताना तुटते, म्हणून तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजा. थोडे मासे चिरून गाबोळी तपासा, म्हणजे एकदाही अंडी न घालता किती मासे टोपलीत आले ते कळतं. दोन खाचखळगे मात्र आहेत. दालदी जाळं (मासा भोकात अडकवणारं) आपल्या आसाच्या, म्हणजे भोकाच्या, मापाचाच मासा धरतं; डोलीत, म्हणजे पिशवीसारख्या डोल जाळ्यात, बारीकही येतो. दोन्हींची मापं एका वहीत मिसळलीत तर मेहनत वाया. दुसरं, सरासरी घसरली म्हणजे वाईटच असं नाही. पिलं भरपूर आली तरी ती घसरते. म्हणून सरासरीपेक्षा मोठ्या माशांचा वाटा बघा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींना किमान कायदेशीर माप लावलं आहे, तेव्हा पट्टी जेट्टीवर तशीही लागणारच.

गणिती मॉडेल शेवटी. शेफरच्या १९५४ च्या मॉडेलप्रमाणे मूळ साठ्याच्या निम्म्यावर वाढ सर्वाधिक असते. ते चालवायला अनेक वर्षांची पकड आणि मेहनतीची, म्हणजे किती फेऱ्या, किती तास याची, नोंद लागते. नुसत्या पकडीवर चालणाऱ्या पद्धतींना साठा आज किती उरला याचा अंदाज आपणच आधी द्यावा लागतो, आणि उत्तर त्या अंदाजाकडे झुकतं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने २०२२ च्या आढाव्यात १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के सुदृढ ठरवले. तिथे साठा म्हणजे एका प्रदेशातली एक जात. तुमच्या बंदरासमोरच्या पापलेटचं उत्तर त्या टक्क्यात शोधू नका.

सर्वेक्षण जहाज सोसायटीच्या आवाक्यातलं नाही.

पावसाळी बंदी उठल्यावर पहिल्या फेरीपासून सुरुवात करा: आठवड्याला दोन-तीन बोटी, दर जाळ्याची वेगळी वही, आणि बोटीच्या तांडेलाला (प्रमुखाला) विचारून जाळं किती तास, किती वाव खोल पाण्यात होतं तेही लिहा. लिलावात प्रतवारी होण्याआधी मोजा, नाहीतर मोठा मासा व्यापाऱ्याकडे गेलेला असेल.