नागपूरच्या इतवारीतलं शिलाई मशीन रिपेअरिंगचं दुकान: खालच्या झुबक्यांचा इलाज वर निघाला

कापड सरकवणारे मशीनचे दाते खाली करून कापड हातानंच फिरवत गोधडीवर नक्षी काढायची, ते फ्री मोशन मी दोनेक महिन्यांपासून शिकून राहिले. वरून टाका मस्त, उलटून पाहावं तर दोऱ्याचे झुबके, अन वळणावर तर पापण्या फुटल्यासारखे दोरे. घराजवळच्या एका दुकानात मशीन चालवूनही न बघता सांगितलं, शटल (मशीनचा खालचा फिरता भाग) बदला, बाराशे लागतील. मग जावेनं इतवारीतल्या या रिपेअरिंगवाल्या काकांचा पत्ता दिला.

काकांनी मशीन उघडलीच नाही आधी. "शिवून दाखवा जी ताई." शिवलं. तुकडा उलटा करून नखानं दोरा ओढून पाहिला अन विचारलं, दोरा ओवताना फूटची (कापड दाबून धरतो तो) दांडी वर असते का खाली? मी काय सांगणार, कधी लक्षच दिलं नव्हतं. तर दांडी खाली असली की टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत बसतच नाही, वरच्या वर राहतो आणि खाली झुबके होतात (शिवताना मात्र दांडी खाली हवीच). म्हणजे घाण खाली दिसली तरी दोष वरच्या दोऱ्याचा, आणि मी आठवडाभर खालच्या दोऱ्याच्या बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसलेली!

तो स्क्रूही मग त्यांनीच निस्तरला. केसच्या पत्तीखालचा कचरा जाड कागदाच्या कोपऱ्यानं काढला, केस दोऱ्याला धरून लटकवली तर सरसर खाली आली. स्क्रू जरासा आवळला, पुन्हा लटकवली, आता हलका झटका दिला की बोटभर उतरायची नि थांबायची. तीन थर शिवायचे म्हणून ११ नंबरची सुई काढून १४ ची लावली.

वळणावरच्या पापण्या तरी राहिल्याच. म्हणे ते मशीनचं नाही, तुमच्या हाताचं, वळण आलं की हात पळतो, हात सावकाश अन मोटर जरा जोरात ठेवा. राग आला थोडा, पण घरी करून पाहिलं तर निम्म्या गेल्या बाप्पा.

घेतले दीडशे, सुई धरून. पण फोन उचलत नाहीत, बिल वहीच्या कागदावर, संध्याकाळी गल्लीत गाडी लावायची सोयच नाही, आणि समोरून उघडा असलेला फूट "मागवतो" म्हणाले त्याला तीन आठवडे झाले.

जाताना आपलंच कापड, आपलाच कापूस, आपलाच दोरा न्या. मी पहिल्यांदा नुसती मशीन घेऊन गेले तर साध्या चिंधीवर टेन्शन बघून काय फायदा म्हणून परत पाठवलं. मानेवाडा ते इतवारी दोन चकरा, त्याही मे महिन्यात!