एका समुपदेशन केंद्राबद्दल, चौदा महिन्यांनंतर

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचणं हाच व्यवसाय, त्यामुळे स्वतःहून लिहिण्याची सवय नाही. पण मला गरज होती तेव्हा मी रात्र रात्र शोधत होते, की अशा ठिकाणी गेलेल्या कुणी लिहून ठेवलंय का, तिथे नेमकं काय होतं, काय विचारतात, आपल्याला वेडं ठरवतात का. जाहिरातीची भाषा खूप सापडली, पण तिथे जाऊन आलेल्या माणसाचं काहीच नाही. म्हणून हे लिहितेय. केंद्राचं नाव देत नाही, कारण तिथल्या गटात माझ्याबरोबर बसणाऱ्यांची ओळख माझ्यामुळे उघड व्हायला नको.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा होता. मेंदूत रक्तस्राव झाला आणि एका दुपारी गेला. त्या सकाळी त्याचा मेसेज आला होता, 'ताई, संध्याकाळी फोन करतो.' पहिले तीन महिने मी कामात बुडवून घेतलं. आईला सांभाळलं, कागदपत्रं केली, सगळे म्हणत होते ही किती खंबीर. चौथ्या महिन्यात झोप गेली. आधी नुसतं वाटायचं की सकाळ होऊच नये. मग त्या वाटण्याला हळूहळू आकार यायला लागला, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की आपण हातातली कामं संपवत आणतोय आणि नवीन काम घेत नाहीये. त्या दिवशी मी घाबरले.

सुरुवात हेल्पलाइनपासून झाली. तक्रार आधी सांगते: फोन लागल्यावर अकरा मिनिटं नुसतं संगीत ऐकत बसावं लागलं. त्या अवस्थेतल्या माणसाला अकरा मिनिटं म्हणजे फार मोठा काळ. मी दोनदा फोन ठेवणार होते. पण पलीकडून जो आवाज आला त्याने माझं नाव विचारलं, मग काय झालंय ते विचारलं, आणि मी गोल गोल बोलतेय हे ओळखून सरळ विचारलं, "तुमच्या मनात आत्महत्येचे विचार येताहेत का?"

तोवर हा शब्द कुणीही उच्चारला नव्हता. घरातले 'तसलं काही मनात आणू नकोस' म्हणायचे. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी एका समुपदेशकाकडे गेले होते, त्यांनी 'तुमच्यापेक्षा मोठी दुःखं असलेली माणसं बघा' असं सांगून मला परत पाठवलं होतं. हेल्पलाइनवरच्या या मुलीने तो शब्द स्वच्छ, न अडखळता विचारला आणि मी 'हो' म्हणाले. एवढं म्हणाल्यावर मला रडू फुटलं. भाऊ गेल्यापासून तोवर एकदाही नीट रडले नव्हते. असं थेट विचारल्याने विचार नसलेल्याच्या डोक्यात विचार घुसतो, अशी भीती बहुतेकांना असते. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, उलट बोलता आल्याने माणसाला हलकं वाटतं. हे मी नंतर वाचलं, पण त्या रात्री ते माझ्याच बाबतीत घडत होतं. शेवटी तिने विचारलं, "आज रात्री तुमच्याजवळ कोण येऊन राहू शकेल?" मी मैत्रिणीचं नाव घेतलं. मैत्रिणीला फोन करून झाला की परत कळवा, असं तिने सांगितलं आणि मी कळवलं.

केंद्राचा पत्ता हेल्पलाइननेच दिला. पहिली वेळ मिळायला तीन आठवडे लागले. हे बरोबर नाही, आणि मी ते त्यांना लेखी कळवलंय. मधल्या काळात त्यांनी दोनदा फोन करून चौकशी केली, हे मात्र नोंदवलं पाहिजे.

पहिल्या भेटीत समुपदेशक बाईंनी सगळ्यात आधी गोपनीयतेबद्दल सांगितलं. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, पण जिवाला तातडीचा धोका आहे असं वाटलं तर मी एकटी गप्प बसणार नाही, तेव्हा कुणाला कळवायचं ते आत्ता आपण दोघी मिळून ठरवू. मला हे आवडलं. नंतर अचानक कुणाला तरी कळवलं असतं तर माझा विश्वास उडाला असता.

मग त्यांनी एक कागद पुढे केला. सुरक्षा योजना. या सबंध सेवेत मला काय मिळालं असं कुणी विचारलं, तर मी आधी हा कागद दाखवीन. एकच पान, सहा भाग. पहिला: माझं बिघडायला लागलंय हे कशावरून ओळखायचं. दुसरा: कुणाचीही मदत न घेता मी स्वतः काय करू शकते. तिसरा: मन दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि जागा. चौथा: ज्यांना उघडपणे 'मला मदत हवी आहे' असं म्हणता येईल अशी माणसं. पाचवा: डॉक्टर, समुपदेशक, हेल्पलाइन, नंबरांसकट. सहावा: घरातल्या धोक्याच्या वस्तू हाताशी राहू नयेत यासाठी काय करायचं.

चौथ्या भागाच्या मथळ्यात 'आधार'च्या जागी 'अधार' छापलं होतं. मी काही न बोलता पेन उचललं आणि समासात खूण करून काना घातला. इतक्या वर्षांची सवय. बाई बघत होत्या. म्हणाल्या, "कामातली चूक अशी दिसून लगेच हात जाणं, हे किती दिवसांनी झालं?" मी विचार केला. सहा आठवडे झाले होते. त्या सहा आठवड्यांत मी नुसती पानं उलटत होते, काही दिसतच नव्हतं. त्यांनी दुसऱ्या भागात माझ्याकडूनच लिहून घेतलं: 'जुन्या प्रुफाचं एक पान घेऊन चुका शोधणे.' मला ते तेव्हा अगदीच किरकोळ वाटलं होतं. पुढे किमान पाच रात्री मी त्यावर काढल्या आहेत.

ही पद्धत अमेरिकेतल्या बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी तयार केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तातडीच्या विभागात आलेले १,६४० रुग्ण होते. ज्यांच्याबरोबर बसून अशी योजना लिहिली आणि घरी गेल्यावर फोनने पाठपुरावा केला, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. माझ्या अनुभवावरून सांगते, कागद नुसता भरून देण्यात अर्थ नाही. 'बरोबर बसून' हे महत्त्वाचं. माझ्या पहिल्या मसुद्यात पहिल्या भागात 'खूप वाईट वाटणे' असं होतं. बाईंनी ते चालू दिलं नाही. "वाईट वाटायच्या आधी तुम्ही काय करायला लागता?" असं त्या विचारत राहिल्या, तेव्हा कुठे खरं बाहेर आलं: 'मैत्रिणीचा फोन वाजताना बघत बसणे आणि न उचलणे.' ही खूण मला आता ओळखता येते.

सहाव्या भागावर मी अडले. मला तो अपमान वाटला, जणू माझ्यावर विश्वास नाही. बाईंनी समजावलं की ती टोकाची वेळ बहुतेकदा थोडी असते, लाटेसारखी चढते आणि ओसरते, आणि तेवढ्या वेळापुरतं अंतर पडलं तर माणूस वाचतो. १९७८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात, ऐन वेळी अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा पुढच्या काळात माग घेतला, तर दहातले नऊहून जास्त जण पुढे आत्महत्येने गेले नव्हते. 'एकदा मनात आलं की माणूस कधीतरी करणारच' हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि स्वतःबद्दलही तसंच धरून चालले होते. ते खोटं आहे. त्या दिवशी मैत्रिणीने घरात येऊन एक कपाट भरलं, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेली.

औषधांबद्दल थोडक्यात. बाईंनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्यांचा गुण जाणवायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करायच्या नसतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तरी दुसऱ्या आठवड्यात मी कंटाळून सोडणार होते. केंद्राचा पाठपुराव्याचा फोन नेमका तेव्हा आला.

आता एक तक्रार, आणि ही माझ्या कामाशी संबंधित असल्यामुळे जरा लांबवते. केंद्रात वाटायला एक पत्रक ठेवलं होतं. त्यात दुःखाच्या पाच पायऱ्या दाखवल्या होत्या: नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. जिन्याचं चित्र, सगळ्यात वर हसरा माणूस. मी ते पत्रक तीन महिने पर्समध्ये ठेवून रोज स्वतःला तपासत होते की मी कुठल्या पायरीवर आहे. एक दिवस 'स्वीकार' वाटायचा आणि दुसऱ्या दिवशी भावाच्या उंचीचा कुणी रस्त्यात दिसला की मी थेट तळाला. मला वाटायचं, मला दुःखसुद्धा नीट करता येत नाही. मग कळलं की मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली या पाच अवस्था मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या, आणि सगळ्यांचं दुःख त्या क्रमाने चालतं असं काही नाही. आधाराला आलेल्या माणसाच्या हातात असं पत्रक देणं मला गंभीर चूक वाटते. मी लाल पेनाने खुणा करून ते परत दिलं. पुढच्या आवृत्तीत जिना काढला आहे. योजनेच्या कागदावरचा 'अधार' मात्र अजून तसाच राहिलाय.

त्याऐवजी गटात मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ साली मांडलेली कल्पना सांगितली, ती माझ्या अंगाला बसली. माणूस दोन बाजूंमध्ये जात-येत राहतो: कधी गेलेल्याच्या दुःखात, कधी पुढच्या जगण्याच्या उस्तवारीत. हे जाणं-येणं म्हणजे बिघाड नव्हे, सावरण्याची रीतच ती. पत्र्याच्या पेटीतले त्याचे कपडे एका रविवारी काढून मी त्यांचा वास घेत बसले आणि सोमवारी विम्याचे कागद घेऊन रांगेत उभी राहिले. दोन्ही बरोबर होतं.

गट आठवड्यातून एकदा, नव्वद मिनिटं, आठजण. गटाला मी जायला तयार नव्हते. दुसऱ्यांचं ऐकून आपलं वाढेल असं वाटायचं. पहिल्या दोन वेळा मी एक शब्द बोलले नाही आणि कुणी बोलायला लावलं नाही. तिसऱ्या वेळी एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, की बायको गेल्यावर पहिल्यांदा पोटभर हसलो आणि रात्रभर त्या हसण्याची शरम वाटली. मला तोंडावर हात ठेवावा लागला, कारण आदल्याच आठवड्यात माझं तेच झालं होतं. एक सूचना: ज्यांचं जवळचं माणूस आत्महत्येने गेलंय त्यांच्यासाठी वेगळा गट असावा. आमच्यात अशी एक मुलगी होती. तिच्या दुःखात अपराधीपणाचा आणि लोकांच्या बोलण्याचा जो भाग होता तो आम्हाला पुरता कळत नव्हता, आणि ते तिच्या लक्षात यायचं.

अजून एक गोष्ट सेवेत आहे, तिची जाहिरात ते कुठेच करत नाहीत. नियमित भेटी कमी झाल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी एक पत्र येतं. तीन-चार ओळी, हाताने सही. 'तुमची आठवण झाली. सगळं ठीक चाललं असावं अशी इच्छा. लिहावंसं वाटलं तर लिहा.' पैसे, वेळ, फॉर्म, काहीही मागितलेलं नसतं. बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी जेरोम मोटो या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं काम सांगितलं. इस्पितळातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नको म्हणालेल्या ८४३ जणांपैकी जवळपास निम्म्यांना त्यांनी पाच वर्षं अशी छोटी पत्रं पाठवली, आणि पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कमी राहिलं, पहिल्या दोन वर्षांत तर ठळकपणे. मी माझी चारही पत्रं शब्दकोशात ठेवली आहेत. मला वाटतं संध्याकाळी येणारा फोन आला नाही, त्या जागी ही पत्रं थोडीफार बसली.

कुणासाठी ही सेवा आहे? माझ्यासारखं, 'अजून तेवढं वाईट नाही' असं म्हणत थांबलेल्यांनी थांबू नये. पण आत्ता, याच घटकेला जिवाला धोका असेल तर केंद्राच्या वेळेची वाट पाहायची नाही. तातडीची वैद्यकीय मदत किंवा हेल्पलाइन, आणि जवळ माणूस बोलवायचा. नंबर आजच शोधून फोनमध्ये घालून ठेवा. त्या रात्री शोधणं मला फार जड गेलं होतं. आणि पहिला समुपदेशक पटला नाही तर दुसरा बघा, मी तेच केलं.

मी आता सहा आठवड्यांनी एकदा जाते. विचार पूर्ण गेलेत का? गेल्या चार महिन्यांत दोनदा आले, दोन्ही वेळा मी कागद काढला, दोन्ही वेळा दुसऱ्या भागाच्या पुढे जावं लागलं नाही. कागदाची घडी झिजून फाटली, म्हणून मागच्या भेटीत नवीन भरला. तिसऱ्या भागात या वेळी तीन नावं जास्त आहेत, त्यातले दोघे गटातले.

परवा मैत्रिणीने विचारलं, कपाटाची किल्ली परत हवीय का? मी थोडा वेळ विचार केला आणि तिला सांगितलं, अजून काही दिवस तुझ्याकडेच राहू दे.