मधला रकाना रिकामाच ठेवला, त्यासाठी पाच स्टार

नौपाड्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत हे डीटीपी, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे, बाहेरून बघाल तर लग्नपत्रिकांचे नमुने आणि शाळेच्या प्रोजेक्टची थप्पी, आत दोन कॉम्प्युटर, एक कलर लेझर मशीन आणि कटिंग मशीन, बस्स. मी चरईत राहते, दहा मिनिटं चालत. काम माझं जरा वेगळं होतं म्हणून रिव्ह्यू मोठा होणार आहे, ज्यांना फक्त रेट बघायचेत त्यांनी खाली जावं.

आमचा शनिवार संध्याकाळचा बायबल अभ्यासाचा गट आहे, अकरा-बारा जण, बहुतेक तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे. यंदा आम्ही ठरवलं की शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या चरित्राची पुस्तकं, एकेक वाचायची नाहीत, मत्तय, मार्क आणि लूक शेजारी शेजारी ठेवून वाचायची. ही पद्धत जुनी आहे, ग्रीसबाख नावाच्या जर्मन अभ्यासकाने १७७४ च्या सुमारास तिन्हींचा मजकूर रकान्यांत छापला आणि तेव्हापासून तिघांना मिळून ‘सिनॉप्टिक’ म्हणायला लागले, म्हणजे एका नजरेत बघता येणारे. पण मराठीत असं हातात धरून खुणा करता येईल असं मला हवं होतं आणि छापील भाषांतरांत एक अडचण येते, मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द असला तरी मराठीत मत्तयात एक आणि लूकमध्ये दुसरा येतो, वाचायला छान लागतं पण तुलना बिघडते. म्हणून ओळखीच्या एका फादरांच्या मदतीने मी निवडक उताऱ्यांचं शब्दाला शब्द ठेवून ओबडधोबड भाषांतर केलं. आठ महिने लागले. तिघांत सारखं ते निळं, फक्त मत्तय आणि लूकमध्ये सारखं ते लाल, बाकीचं काळं. ३६ पानं, आडवी, तीन रकाने, मार्कचा रकाना मधोमध.

आधी हे काम मी दुसऱ्या एका दुकानात दिलं होतं. त्यांनी काय केलं तर मधले रिकामे रकाने उडवून मजकूर वर ओढला आणि ३६ पानांची २२ करून दिली, वर म्हणाले कागद वाचवला तुमचा. बारा प्रती छापूनही झाल्या होत्या. मी घरी येऊन ते उघडलं आणि अक्षरशः रडू आलं, कारण बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या भाषणाशेजारी मार्कच्या रकान्यात गालीलातल्या मच्छिमारांची गोष्ट येऊन बसली होती. अख्ख्या कामाचा मुद्दाच त्या रिकाम्या जागेत होता.

मुद्दा काय ते सांगते, नाहीतर या दुकानाने काय केलं ते कळणार नाही.

मार्कमध्ये ६६१ ओव्या आहेत, त्यातल्या सुमारे ६०० या ना त्या रूपात मत्तयात सापडतात, लूकमध्ये निम्म्याहून जास्त. तेव्हा मत्तय आणि लूक या दोघांसमोर मार्क होता असं बहुतेक अभ्यासक धरतात. पण त्याशिवाय सुमारे २३० ओव्या अशा आहेत की त्या मत्तयात आहेत, लूकमध्ये आहेत आणि मार्कमध्ये नाहीतच. आता या आल्या कुठून? दोघांनी ऐकीव आठवणीतून लिहिलं म्हणावं तर योहानाचं ते ‘सापाच्या पिलांनो’ वालं भाषण घ्या, मत्तय ३ आणि लूक ३, ग्रीकमध्ये साठाच्या वर शब्द आहेत आणि फरक इनमिन तीन-चार ठिकाणी, मत्तय म्हणतो ‘फळ’ लूक म्हणतो ‘फळं’, मत्तय म्हणतो ‘असं समजू नका’ लूक म्हणतो ‘असं म्हणायला लागू नका’. ऐकणारे मात्र वेगळे, मत्तयात परूशी आणि सदूकी या ज्यू पंथांचे लोक, लूकमध्ये लोकांची गर्दी. येशू आणि योहान बोलत होते अरामी भाषा, आणि दोन माणसं दोन ठिकाणी बसून त्याचं ग्रीक इतकं हुबेहूब सारखं करतील हे मला तरी पटत नाही. समोर कागद असणार. तो कागद आज कुठेच नाही. १८३८ मध्ये वाइसे या जर्मन अभ्यासकाने मांडलं की मार्क आणि एक वचनसंग्रह असे दोन लेखी आधार होते, १८६३ मध्ये होल्ट्समान याने ते पक्कं केलं, आणि पुढे त्या हरवलेल्या संग्रहाला ‘क्यू’ म्हणायला लागले, जर्मन ‘क्वेले’ म्हणजे झरा किंवा उगम, त्याचं पहिलं अक्षर.

तर क्यू दिसतो कुठे? डावीकडे लाल, उजवीकडे लाल आणि मध्ये कोरा कागद, तिथे. तो कोरा कागद काढून टाकला की माझ्या हातात नुसत्या रंगीत ओळी उरतात.

आता हे दुकान. मी फाइल दिली, ऑपरेटर काका साठीचे असतील, जाड चष्मा, त्यांनी पहिली चार पानं नुसती खाली-वर केली आणि विचारलं, “ताई, मधला रकाना रिकामा राहिलाय, मॅटर पाठवायचं राहिलं का मुद्दाम सोडलाय?” मी म्हटलं मुद्दाम. ते म्हणाले, “मग तिथे हलकी चौकट टाकू, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल शाई संपली.” आणि टाकली, दहा टक्के करड्या रंगाची, इतकी बारीक की नजर अडत नाही पण कळतं की ही जागा मोजून सोडलेली आहे. हे मला आठ महिन्यांत सुचलं नव्हतं. आता आमच्या गटात कोणीही पान उघडलं की पहिलं बोट त्या चौकटीवर जातं.

फाँटचं पण सांगते कारण मराठी काम करणाऱ्यांना हा त्रास माहीत आहे. माझी अर्धी फाइल श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये होती अर्धी युनिकोडमध्ये, कन्व्हर्ट केलं की पहिल्या वेलांट्या इकडच्या तिकडे जातात आणि रफार भलत्याच अक्षरावर बसतो. काकांनी कन्व्हर्ट करून सोडून नाही दिलं, ओळीला ओळ लावून वाचलं, मी शेजारी स्टुलावर बसून मूळ वाचत होते आणि ते स्क्रीनवर बघत होते, तीन संध्याकाळी गेल्या. त्या वेळात त्यांनी दोन गोष्टी अशा पकडल्या की मी गटात अजून सांगते.

पहिली हेरोदाची, म्हणजे तेव्हाच्या गालीलच्या शासकाची. मत्तय १४ मध्ये सुरुवातीला हेरोदाला ‘मांडलिक’ म्हटलंय, आणि तोच हुद्दा बरोबर, हेरोद अंतिपा कधी राजा नव्हता. मार्क मात्र त्याला पहिल्यापासून ‘राजा’ म्हणतो. आता मत्तयाने वरती दुरुस्ती केली आणि आठ ओव्यांनंतर ‘राजाला वाईट वाटलं’ असं लिहून गेला. काका थांबले, म्हणाले, “वर मांडलिक आहे खाली राजा झालाय, एक करू का?” मी म्हटलं नको हो काका, हेच तर आहे! मग त्यांनी जे सांगितलं ते ऐका. त्यांच्याकडे सोसायट्यांचे वार्षिक अहवाल येतात, सेक्रेटरी मागच्या वर्षीच्या फाइलवरच नवीन अहवाल करतो, पहिल्या पानावर नवीन अध्यक्षांचं नाव नीट असतं, आठव्या पानावर जुने अध्यक्ष तसेच. “सुरुवातीला माणूस जागा असतो ताई, पुढे हात आपोआप उतरवत जातो.” मार्क गुडेकर नावाच्या अभ्यासकाने १९९८ मध्ये एक लेख लिहिला होता, त्यात त्याने याला संपादकाचा थकवा म्हटलंय आणि उदाहरणांत हा हेरोदच आहे. लूकमध्ये पण बघा, पाच हजारांना जेवू घालतात ती गोष्ट तो बेथसैदा गावात नेतो आणि दोन ओव्यांनी शिष्य म्हणतात आपण इथे ओसाड जागी आहोत, कारण मार्कमध्ये ती ओसाड जागीच घडते. नौपाड्यातल्या काकांना हे रोजच्या कामातून माहीत होतं, मला पुस्तकं वाचून कळलं.

दुसरी जरा कठीण. मार्क १४:६५, येशूचं तोंड झाकून त्याला मारतात आणि म्हणतात ‘भविष्य सांग’. मत्तय आणि लूक दोघांतही पुढे आणखी एक वाक्य आहे, ‘तुला कोणी मारलं?’, ग्रीकमध्ये पाच शब्द, दोघांत तेच आणि मार्कमध्ये नाहीत. काका म्हणाले, बाकी पान निळं-काळं आहे आणि मध्येच एवढी एक ओळ लाल, रंग चुकला का? रंग बरोबर होता, आणि क्यू मानणाऱ्यांना सगळ्यात टोचणारी ओळ हीच, कारण क्यू हा वचनांचा संग्रह, त्यात दुःखसहनाची, म्हणजे येशूच्या अटकेची आणि क्रुसावरच्या मरणाची कथा नव्हती असं धरतात, मग ही ओळ दोघांकडे आली कशी? ऑस्टिन फॅरर या इंग्लिश अभ्यासकाने १९५५ मध्ये सरळ म्हटलं की क्यू सोडून द्या, लूकने मार्कही वाचला होता आणि मत्तयही, मग हरवलेला कागद मानायची गरजच काय. आमच्या गटातल्या एक मावशी आता पक्क्या फॅररच्या बाजूच्या झाल्यात. मी अजून क्यूच्या बाजूची आहे आणि त्याचं कारण पण छापील पानावरच दिसतं. मत्तयातलं डोंगरावरचं प्रवचन १११ ओव्यांचं, सलग तीन अध्याय, आणि लूकमध्ये त्याच्या जागी ३० ओव्या, उरलेलं अर्धंअधिक पुढे कुठेकुठे विखुरलेलं, प्रभूची प्रार्थना तर थेट अकराव्या अध्यायात आणि ती पण आखूड. समोर इतकी सुंदर बांधणी असताना लूक ती मोडून तुकडे का पेरेल? दोघांनी एकाच सुट्या वचनांच्या वहीतून घेतलं, मत्तयाने जुळवून मांडलं, हे मला जास्त सरळ वाटतं. आणि अशा वह्या असायच्या हे थोमाच्या शुभवर्तमानाने दाखवलंच आहे, १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीला मिळालं ते, ११४ वचनं, गोष्ट जवळपास नाहीच, नुसतं ‘येशू म्हणाला’, ‘येशू म्हणाला’. तो क्यू नव्हे, पण असं लिखाण होतं हे नक्की. लूक तर स्वतःच पहिल्या ओळीत सांगतो की माझ्याआधी पुष्कळांनी हे लिहून काढायचा प्रयत्न केलाय.

कोणाला वाटेल याने श्रद्धेला धक्का लागतो. मला उलट ती सगळी माणसं जवळची वाटायला लागली, दिव्याच्या उजेडात कोणाचा तरी कागद पुढे ठेवून उतरवणारी. केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं तेव्हा छापखान्यात खिळे जुळवायला आश्रमातल्या बायकाच होत्या, १९२४ मध्ये ते छापून आलं, रमाबाई त्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या. त्याच १९२४ मध्ये तिकडे इंग्लंडमध्ये स्ट्रीटर नावाच्या अभ्यासकाचा ग्रंथ आला, त्यात मार्क आणि क्यू शिवाय मत्तयाचा वेगळा आणि लूकचा वेगळा असे चार लेखी आधार मांडलेत. स्टुलावर बसून वेलांट्या तपासताना मला त्या खिळे जुळवणाऱ्या बायका फार आठवल्या.

तक्रारी पण लिहिते. पहिल्या प्रूफात लाल रंग भगव्यावर गेला होता, पिवळ्या ट्यूबखाली कळला नाही, दिवसाच्या उजेडात कळला, तेव्हा प्रूफ दुकानाबाहेर नेऊन बघा. दुसरं, वायरोची (तारेच्या बाइंडिंगची) भोकं डाव्या बाजूला पडली ती मत्तयाच्या ओव्यांच्या आकड्यांवरच, आकडे अर्धे कापले गेले. चूक निम्मी माझी, समास कमी ठेवला होता, पण काकांनी समास वाढवून तशा बिघडलेल्या चार प्रती परत छापल्या आणि पैसे घेतले नाहीत. मशीन बंद पडल्याने दोन दिवस उशीर झाला, तो फोन करून आधी सांगितला असता तर माझी एक फेरी वाचली असती. गाडी लावायला जागा अजिबात नाही, चालत जा किंवा स्टेशनवरून रिक्षाने.

रेट: मांडणीचे पानाला ५० म्हणजे १८०० रुपये, कलर प्रिंट पानाला १०, वायरो बाइंडिंग प्रतीला ६०. एक प्रत ४२० ची पडली, बारा प्रतींचे ५०४०, सगळे मिळून ६८४०, त्यांनी ६७०० घेतले. कागद १०० जीएसएम मागा, ८० च्या कागदावर लाल रंग मागून दिसतो. रविवारी बंद, संध्याकाळी सात ते साडेआठ कॉलेजच्या मुलांची झुंबड असते तेव्हा मोठं काम घेऊन जाऊ नका, सकाळी अकराच्या आत जा.

पुढच्या महिन्यात योहानाचं, म्हणजे चौथ्या शुभवर्तमानाचं, काम घेऊन जाणार आहे. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस होतो ते ‘पहिलं चिन्ह’ (चिन्ह म्हणजे चमत्कार) आणि चौथ्या अध्यायात अधिकाऱ्याचा मुलगा बरा होतो ते ‘दुसरं चिन्ह’ असे आकडे योहानात घातलेत, मधल्या वेळात येशूने यरुशलेमेत आणखी चिन्हं केली असं तिथेच लिहिलेलं असूनसुद्धा. ते आकडे एका जुन्या चिन्हसंग्रहातून तसेच उतरलेत असं बुल्टमान वगैरे अभ्यासक मानायचे. काकांना फोनवर सांगितलं तर ते लगेच म्हणाले, “आकडे जुन्या फाइलचे राहिले असणार, घेऊन या, बघू.”